उभं राहायचं काम

चोइजिलच्या गॅरेजात माझं काम एकच,
तीन पावलं मागे उभं राहायचं,
ऊर्गा धरून.
ऊर्गा म्हणजे घोडे पकडायची लांबलचक काठी, टोकाला फास.
त्याच्या बापाची. घोडे एका पांढऱ्या हिवाळ्यात गेले, सगळेच,
काठी उरली. वाळुंजाची, खडखडीत सुकी,
म्हणून वीज न वाहणारी.

पहिल्याच दिवशी म्हणाला होता,
"मी चिकटलो तर मला हात लावायचा नाही, नोमुंदारी.
कमरेत फास टाक आणि ओढ.
घोडा समज. हट्टी घोडा."

आज बाहेर उणे एकतीस,
उलानबातरवर कोळशाच्या धुराचं झाकण,
आणि दारात पुरेवजावची टॅक्सी,
जपानात कुणीतरी वापरून सोडलेली,
डॅशबोर्डवर लाल त्रिकोण पेटलेला.
संध्याकाळी दारखानला भाडं आहे, तो सांगतो.
पुन्हा सांगतो.

चोइजिल साबण लावून अंगठी काढतो.
मग घड्याळ, पट्ट्याचं बक्कल,
आणि गळ्यातली चांदीची साखळी माझ्या गळ्यात.
गाडीची किल्ली शेजारच्या खोलीत, पिठाच्या डब्यात.
लहान बॅटरीची तार आधी सोडवतो.
मग रबरी हातमोज्याचं तोंड गुंडाळत हवा आत कोंडतो,
फुगलेला पंजा गालाशी नेतो,
नुकत्याच जन्मलेल्या कोकराचा श्वास ऐकावा तसा.

डावा गप्प.
उजवा सुसकारा टाकतो.

भोक दिसतसुद्धा नाही. सुईच्या टोकाएवढं.
पुरेवजाव म्हणतो, वरून लोकरीचा घाल की,
माझा घे, आईनं विणलाय.
चोइजिल स्टुलावर बसतो.
"दोनशे व्होल्ट," तो म्हणतो, "आईला ओळखत नाहीत."

मग मी ट्रॉलीबसच्या डेपोत जाते, चालत,
तिथे त्याची मावसबहीण हंडसुरेन तारांवर काम करते.
ती मोजे देते आणि वर शिव्या,
परत आणले नाहीस तर तुलाच तारेवर वाळत घालीन.
पापण्यांवर बर्फ घेऊन परत येते
तर पुरेवजाव चौथी सिगारेट विझवतोय.

हे मोजे गप्प आहेत. दोन्ही.
डिकीतला नारिंगी प्लग चोइजिल उपसतो
आणि स्वतःच्या खिशात ठेवतो.
खिसा शिवून घ्यावा असा दाबतो.

आता दहा मिनिटं.
प्लग निघाला तरी वीज लगेच जात नाही,
पाहुण्यासारखी उंबऱ्यात रेंगाळते.
खारट दुधाच्या चहावर साय धरते.
कुणी बोलत नाही.
काठी जड होते, मी हात बदलत नाही.
सहाव्या मिनिटाला पुरेवजाव विचारतो, झालं?
कुणीच उत्तर देत नाही.

मग मीटर. आधी चांगल्या बॅटरीवर, तो खरं बोलतोय का बघायला.
मग गाडीवर : शून्य.
मग पुन्हा चांगल्या बॅटरीवर,
मधल्यामध्ये मेला तर नाही ना.

झाकण उघडतं. अठ्ठावीस ठोकळे खांद्याला खांदा लावून,
त्यांच्या पोटात वीज आहेच, प्लगशी तिचा संबंध नाही.
म्हणून मोजे हातातच,
पाना टेपनं गुंडाळलेला,
आणि तांब्याची पट्टी एका वेळी एकच.
दोन पट्ट्या हिरव्या पडल्यात, शेवाळलेल्या.
तेराव्या ठोकळ्याला मीटर लावतो, मान हलवतो.
मेलाय.

अडीच तास.
काहीही होत नाही.
फास रिकामा लटकत राहतो,
आणि मी प्रत्येक क्षणी त्याच्या कमरेकडे बघत असते,
पट्ट्याशिवाय पँट घसरतेय तिकडे.

लाल त्रिकोण विझतो. दारखानचं भाडं अजून मिळेल.
पैसे मोजता मोजता पुरेवजाव माझ्याकडे बोट करतो,
ही पोरगी काय करते?
"उभी राहते," चोइजिल म्हणतो
आणि त्यातले अर्धे मला देतो.

साखळी परत करायची राहिली.
डेपोकडे मोजे घेऊन निघाले तेव्हा लक्षात आलं,
कोटाच्या आत ती ऊबदार झाली होती.